टिपणे आणि दाखवणे

मराठीतले 'टिपणे' हे क्रियापद मोठे बहुरूपी आहे. चिमणी अंगणातले दाणे टिपते, टीपकागद शाई टिपतो, आई पदराने डोळे टिपते, विद्यार्थी व्याख्यानातले मुद्दे टिपतो आणि शिकारी सावज टिपतो. कॅमेरा आपल्याकडे आला तेव्हा त्याच्यासाठी वेगळे क्रियापद घडवण्याच्या भानगडीत मराठी फारशी पडली नाही. 'आमच्या छायाचित्रकाराने टिपलेले दृश्य' हा प्रयोग वृत्तपत्रांतून इतका रुळला, की त्यात काही विशेष आहे असे कुणाला वाटेनासे झाले. शब्दार्थ शिकवताना मी हे सगळे अर्थ फळ्यावर एकाखाली एक लिहितो. पहिल्या चार अर्थांत एक अलगदपणा आहे; जेवढे हवे तेवढेच उचलायचे, बाकीचे जागच्या जागी राहू द्यायचे. पाचव्या अर्थात मात्र जे टिपले जाते ते उरत नाही. वन्यप्राण्याचे छायाचित्र 'टिपले' असे आपण म्हणतो तेव्हा या पाचांपैकी नेमका कोणता अर्थ चालू असतो, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांपुढे टाकतो, आणि खरे सांगायचे तर तो मलाच पडलेला असतो.

तुळजापुरात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न का पडावा? वन्यजीव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ताडोबा, मेळघाट अशी नावे येतात. धाराशिव जिल्ह्याची ओळख देवीचे ठाणे आणि दुष्काळ या दोन शब्दांत आटोपते. पण बालाघाटाच्या ज्या रांगेवर तुळजाभवानीचे मंदिर आहे, तीच रांग उत्तरेकडे जात जात येडशीच्या घाटात उतरते. तुळजापूरहून धाराशिवमार्गे हे अंतर चाळीसेक किलोमीटरचे. तिथे येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे, सुमारे २२ चौरस किलोमीटरचे. एका बाजूला चौपदरी महामार्ग, दुसऱ्या बाजूला बार्शी-लातूर रस्ता, मध्ये पानगळीचे रान आणि घळीत रामलिंगाचे देऊळ. सीतेला घेऊन निघालेल्या रावणाला जटायूने अडवले ते याच ठिकाणी, अशी तिथली श्रद्धा आहे. श्रावणात दर्शनाला येणाऱ्यांची आणि त्यांच्या पिशव्यांवर डोळा ठेवणाऱ्या माकडांची तिथे सारखीच गर्दी असते. डिसेंबर २०२४ मध्ये या अभयारण्यातल्या एका स्वयंचलित कॅमेऱ्यात वाघ उमटला.

हा कॅमेरा कसा काम करतो ते सांगायला हवे, कारण पुढचा सारा विचार त्याच्याशी बांधलेला आहे. जनावराच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर, झाडाच्या बुंध्याला तो बांधतात. समोरून ऊबदार अंगाचे काही हलले की त्यातला संवेदक जागा होतो आणि छायाचित्र निघते. वाघांची मोजदाद करायची असेल तर वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर असे दोन कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखेच हे. त्या पट्ट्यांवरूनच कळले, की येडशीचा पाहुणा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून आला आहे. साडेचारशे-पाचशे किलोमीटर अंतर त्याने कापले होते, वाटेतली शेते, रस्ते, नद्या आणि गावे ओलांडून. टिपेश्वरच्या वाघांना ही चाल नवी नाही. तिथलाच एक तरुण वाघ २०१९ साली गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि तेराशे किलोमीटरांहून अधिक भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. दुसरा २०२१ मध्ये गौताळ्यात दिसला. टिपेश्वरचे क्षेत्र दीडशे चौरस किलोमीटरही भरत नाही. तरुण नराला स्वतःचा मुलूख शोधायला बाहेर पडावेच लागते.

आता या छायाचित्राने काय केले ते पाहू. ते निघण्याआधी वाघ नव्हता का? होता. त्याच्या पावलांचे ठसे ओल्या मातीत उमटत होते. पण तोवर तो सांगोवांगीतला वाघ होता. आपल्याकडे शेतकऱ्याने 'वाघ पाहिला' म्हटले, की ऐकणारा आधी हसतो आणि मग 'तरस असेल' म्हणतो. छायाचित्राने ही शंका मिटवली. ऐकीव वाघ नोंदीतला वाघ झाला आणि नोंदीतल्या वाघाचे काहीतरी करावे लागते. जनावरे मारली जात होती, रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्यांच्या पोटात गोळा येत होता, आणि ती भीती खोटी नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये त्याला बेशुद्ध करून पकडण्याचे आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडण्याचे ठरले. विदर्भातून पथके आली. येडशीपासून बार्शी तालुक्यापर्यंतच्या टापूत तो फिरत राहिला आणि आठवड्यांमागून आठवडे पथकांना चुकवीत राहिला. सह्याद्रीत वाघांची वाण आहे, इथे वस्तीची दाटी आहे. तेव्हा त्या निर्णयाला त्याचे तर्कशास्त्र होते आणि त्यावर निकाल देण्याचा अधिकार माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराला नाही. मला एवढेच दिसते, की साखळीतली पहिली कडी ते छायाचित्र होते. कुणीही नेम धरला नव्हता, कुणी श्वास रोखून बसले नव्हते, एका यंत्राने आपले काम केले होते. तरीही 'टिपणे' आणि 'पकडणे' यांच्यात जेमतेम महिन्याचे अंतर राहिले.

याच डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी राज्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक दृश्य टिपले गेले. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आपल्या पाच बछड्यांना घेऊन रस्ता ओलांडत होती. पर्यटकांच्या गाड्यांनी तिला दोन्ही बाजूंनी कोंडले. त्याची चित्रफीत देशभर फिरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. येडशीच्या छायाचित्रात माणूस कुठेच नव्हता. इथे माणसांखेरीज दुसरे काही दिसणे कठीण होते. आणि गंमत अशी, की गाड्यांतल्या माणसांना पकडून देणारा पुरावा ती चित्रफीतच ठरली. तेथे जमलेल्यांपैकी प्रत्येकाजवळ त्या दिवशी जवळजवळ एकच छायाचित्र असणार. सहा जिवांची कोंडी करून मिळवलेली ती शेकडो चित्रे एकमेकींहून वेगळी ओळखूही आली नसती.

अशा सहलीहून परतलेले लोक 'व्याघ्रदर्शन झाले' म्हणतात. तुळजापुरात राहणाऱ्याच्या कानाला हा शब्द खटकल्याशिवाय राहत नाही. दर्शन म्हणजे काय, हे इथल्या रांगा पाहत आम्ही मोठे झालो. आश्विनात सोलापूरकडून, कर्नाटकातून अनवाणी चालत येणारी माणसे तासन्‌तास उभी राहतात आणि गाभाऱ्यासमोर त्यांना मिळतात ते काही क्षण. बाहेर आल्यावर त्यांना विचारा, 'काय पाहिलंत?' मूर्तीचे वर्णन क्वचितच कुणी करील. 'आईनं बघितलं,' असे म्हणणारी एक तरी म्हातारी भेटतेच. आपण पाहणे हा दर्शनाचा अर्धा भाग. समोरच्याने आपल्याकडे पाहणे हा उरलेला अर्धा. रानातही असेच घडते, फक्त तिथे क्रम उलटा असतो. तुम्हाला काही दिसण्याच्या कितीतरी आधी तुम्ही दिसलेले असता. टिटवीने वर्दी दिलेली असते, वानराने खोकल्यासारखा आवाज काढलेला असतो, चिंकाऱ्याने मान वर करून तुमच्याकडे रोखून पाहिलेले असते आणि तुमचे कॅमेऱ्याचे झाकण अजून निघायचे असते. 'नैसर्गिक अधिवासात टिपलेले छायाचित्र' असे आपण खाली लिहितो, तेव्हा ते बहुतेक वेळा आपल्याकडे पाहणाऱ्या, म्हणजे आपल्यामुळे आपले काम थांबवलेल्या जनावराचे छायाचित्र असते. चरणारे हरीण आणि मान वर केलेले हरीण यांत छायाचित्र म्हणून दुसरे अधिक देखणे असते. पण त्याच्या नैसर्गिक आयुष्यातला तो तुकडा नव्हे, आपल्या येण्याने झालेला तो खंड आहे.

कॅमेऱ्याचा आणि बंदुकीचा शेजार जुना आहे. फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन हा संयुक्त प्रांतातला वनाधिकारी. हाती बंदूक घेऊन हिंडणाऱ्या साहेबांच्या काळात त्याने वाघाच्या वाटेवर तारा ताणून ठेवल्या. वाघाचा पाय तारेत अडकला की लख्ख उजेड होई आणि चित्र निघे. त्याचे 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक १९२७ साली आले. पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखता येतो हेही त्याच्या ध्यानात आले होते. पुढे १९९० च्या दशकात उल्हास कारंत यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत हेच तत्त्व संख्याशास्त्राला जोडून वाघ मोजण्याची पद्धत उभी केली. बंदुकीला पर्याय म्हणून कॅमेरा आला, ही प्रगती निःसंशय मोठी आहे. पण पर्याय म्हणून येणारी वस्तू आधीच्या वस्तूच्या सवयी घेऊन येते. इंग्रजीत छायाचित्र 'शूट' करतात आणि ते वाटेवरचे यंत्र 'ट्रॅप' म्हणवते. आपल्याकडे मचाण तेच राहिले, लपण तेच राहिले, पाणवठ्यावर दबा धरून बसणे तेच राहिले. भिंतीवरच्या शिंगांची जागा चौकटींनी घेतली.

आपल्या कायद्याला हा शेजार ठाऊक असावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात ठार मारणे तर आहेच, शिवाय पकडणे, फासात अडकवणे, हाकारून पळवणे आणि आमिष दाखवणे हेही आहे. एवढेच नव्हे, तर असे करण्याचा प्रयत्नसुद्धा. त्याच कायद्याचे २८ वे कलम अभयारण्यात कोणत्या कारणांसाठी प्रवेश द्यावा ते सांगते, आणि त्यांत छायाचित्रण हे स्वतंत्र कारण आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्याला अट जोडली: अधिवासात काही बदल न करता आणि वन्यजीवांवर विपरीत परिणाम होऊ न देता. साहित्याच्या विद्यार्थ्याने कायदा वाचावा तो अशा ठिकाणी. व्याख्येची एक पायरी उतरली, की ज्याच्या हातात बंदूक नाही असा माणूसही शिकारी ठरू शकतो.

या सगळ्याचा कस लागतो तो अस्वलापाशी. वाघाला त्याचे पट्टे आहेत, बिबट्याला ठिपके आहेत, तरसालाही पट्टे आहेत. अस्वल आपादमस्तक काळे. फिकट मुस्कट आणि छातीवरची चंद्रकोरीसारखी पांढुरकी खूण सोडली, तर त्याच्यावर ओळखीची एकही रेघ नाही. आणि ते चार पायांवर चालताना ती खूणही दिसत नाही. म्हणून स्वयंचलित कॅमेऱ्याच्या चित्रांवरून अस्वले मोजणे अभ्यासकांना अवघड जाते. एकच अस्वल पाच वेळा आले की पाच अस्वले एकेकदा आली, हे सांगायचे कसे? हाती कॅमेरा घेतलेल्यालाही ते तसेच चकवते. काळ्या केसांत उजेड बुडून जातो. यंत्राला वाटते की दृश्य फार अंधारे आहे, ते उजेड वाढवते, आणि भोवतालची दगडमाती पांढरीफटक होऊन मध्ये एक करडा गोळा उरतो. 'छायाचित्र' या शब्दातली छाया तेवढी मिळते, चित्र मिळत नाही. त्यात ते रात्रीचे जनावर. वारुळ फोडून त्यात तोंड खुपसले, की वरच्या जबड्यातले समोरचे दोन दात नसल्याने झालेल्या फटीतून वाळवी ओढून घेते, आणि तो फुत्कारणारा आवाज दूरवर ऐकू येतो. त्या तंद्रीत त्याला जगाचे भान नसते. नजर अधू. अशा वेळी कुणी अवचित जवळ गेले, तर घाबरून ते अंगावर येते. २०१८ मध्ये ओडिशातल्या नबरंगपूर जिल्ह्यात एका जखमी अस्वलाबरोबर स्वतःचे छायाचित्र काढायला गेलेल्या माणसाचा असाच जीव गेला.

माझ्या पिढीच्या तुळजापूरकरांना अस्वल पुस्तकाआधी रस्त्यावर भेटले. जत्रेच्या दिवसांत दरवेशी यायचा. नाकात वेसण, तिला दोरी, काठीच्या इशाऱ्यावर ते अस्वल दोन पायांवर उभे राहून सलाम करायचे. आयाबाया मुलांच्या गळ्यात बांधायला त्याचा केस मागून घेत. तो केस बांधला की मूल दचकत नाही म्हणत. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वलांचे असे खेळ करण्यावर बंदी आली आणि पुढच्या दशकभरात दरवेशी रस्त्यांवरून नाहीसा झाला. ते बरेच झाले. पण दोन पायांवरचे ते अस्वल आमच्या पिढीच्या मनात अस्वलाचे मूळ चित्र होऊन बसले आहे, हेही खरे. आपल्यासमोर यावे, आपल्याकडे तोंड करून उभे राहावे, ही अपेक्षा आम्हाला दरवेश्याने शिकवली, आणि छायाचित्रकार झाल्यावरही ती सुटली नाही.

दरोजीला गेलो तेव्हा मला ते जाणवले. हंपीजवळचे दरोजी अस्वल अभयारण्य १९९४ साली झाले. तुळजापूरहून सोलापूर-विजयपुरामार्गे होसपेट गाठले, की पुढे फार नाही. काटेरी झुडपांतून वर आलेले प्रचंड धोंडे, एकावर एक रचल्यासारखे. बालाघाटाच्या माणसाला ते रान परके वाटत नाही. करडीकल्लू गुड्ड्यासमोरच्या मनोऱ्यावरून दुपारी अस्वले पाहायची. ती तिथे येतात याचे कारण समोरच्या खडकांना गूळ-मधाचा लेप लावण्याची प्रथा. आम्ही बसलो होतो त्या दिवशी चारच्या सुमारास एक मादी धोंड्यांमधून उतरली, पाठीवर दोन पिले. अस्वलाची पिले कित्येक महिने आईच्या पाठीवरच्या लांब केसांना धरून हिंडतात. ती खडकापाशी आली, गूळ चाटू लागली. पिलेही उतरून चाटू लागली. मनोऱ्यावर कुणी बोलत नव्हते. दृश्य अपूर्व होते, आणि ते लांबून, उंचावरून, तिला काही न जाणवता दिसत होते, हे उमरेडच्या रस्त्यापेक्षा कितीतरी बरे. तरी माझ्या मनात एक वाक्य फिरत राहिले: हे 'नैसर्गिक अधिवासात' या शब्दांत बसते का? रान तिचे, खडक तिचा, पिले तिची. गूळ मात्र आमचा. मी छायाचित्रे काढली. त्यांच्याखाली 'खडकावरचा गूळ खाणारी अस्वलाची मादी, दरोजी' एवढेच लिहून ठेवले आहे. मित्रांना वाटते, की 'गूळ' हा शब्द गाळला असता तर चित्र अधिक चांगले दिसले असते. तो गाळला तर ते दुसऱ्याच कशाचे चित्र होईल, असे मला वाटते.

चौकटीबाहेर काय राहते, याचा विचार इथूनच सुरू होतो. आमच्या भागात रान आणि गाव यांच्यामध्ये कुंपण नाही. डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या फिरतात, खाली मेंढरे चरतात, ओढ्याच्या काठाने ऊस उभा असतो, आणि या सर्वांतून लांडगे, खोकडे, तरस, चिंकारे आपापल्या वेळा सांभाळून जगतात. येडशीच्या वाघानेही तेच केले. पण स्पर्धेला पाठवलेल्या चित्रात पवनचक्कीचे पाते आले, तर ते दोष धरतात. मग छायाचित्रकार कोन बदलतो, वाकतो, आडवा होतो, आणि माणसाची एकही खूण नसलेले गवत तयार करतो. असे गवत बालाघाटावर कुठे आहे? त्या चित्रांनी आपली समजूत करून दिली, की वन्यप्राणी राहतात ते दूर, निर्मनुष्य जागी; आणि म्हणून जो आपल्या शेताच्या बांधावर दिसतो तो वाट चुकलेला, घुसखोर, परत पाठवण्याजोगा. ज्या माळावर चिंकारा पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या माळाला आपल्या सरकारी भाषेत 'पडीक' म्हणतात, यातही त्या रिकाम्या चौकटीचा थोडा हात असावा.

नान्नजच्या माळाने हा धडा आपल्याला आधीच दिला होता. सोलापूरजवळच्या या गवताळ प्रदेशात माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते. घरट्याचा आडोसा नाही, झाडाची उंची नाही. कुणाला न दिसणे हेच त्याचे एकमेव संरक्षण. माळ नांगरले गेले, तारा आल्या, कुत्री वाढली. माळढोक विरळ होत गेला तसतशी त्याच्या छायाचित्राची किंमत वाढत गेली, आणि किंमत वाढली तसतसे अधिक लोक ते घ्यायला येत राहिले. पक्षी कमी होण्याचे हे मुख्य कारण नव्हते. पण दुर्मीळ झालेल्या जिवाला एकटे सोडायचे सोडून आपण त्याच्याभोवती दाटी करतो, ही मानवी रीत तिथे उघडी पडली.

आता माझ्याजवळ एक छायाचित्र आहे, त्याविषयी. तुळजापूर तालुक्यातल्याच एका माळावर, कुठला ते सांगणार नाही, फेब्रुवारीच्या एका सकाळी लांडग्याच्या बिळाबाहेर खेळणारी चार पिले मी दुरून पाहिली. जागा दाखवली एका वृद्ध धनगराने. त्या हिवाळ्यात त्याची दोन कोकरे गेली होती आणि तो लांडग्यांवर रागावलेला होता; पण त्याने बिळात धूर केला नव्हता. मी चित्रे घेतली, अर्ध्या तासात उठलो. परतताना तो म्हणाला, "कुणाला दावू नका सर. लांडगा रातीला येतो, फोटूवाले दिसभर येत्यात. मेंढरं बुजत्यात." त्याच्या बोलण्यात निसर्गप्रेमाचा लवलेश नव्हता. स्वतःच्या मेंढरांच्या हिशेबाने तो मला वन्यजीव छायाचित्रणाचा नियम सांगत होता, आणि त्याहून नेमका नियम मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

चित्र चांगले आले आहे, हे मला कळते. कोवळे ऊन, एका पिलाच्या तोंडात दुसऱ्याचा कान, मागे मेंढरांचा धुरळा. ते मी कुठेही दिलेले नाही. आजच्या चित्राबरोबर त्याचे ठिकाण आपोआप नोंदले जाते. ते पुसता येते, पण मागची टेकडी, पवनचक्क्यांची रांग, ओढ्याचे वळण पुसता येत नाही, आणि या भागातल्या माणसाला तेवढे पुरते. पहिल्या रविवारी दोन गाड्या येतील, दुसऱ्या रविवारी दहा. पिले हलवताना लांडगीला उघड्यावरून जावे लागेल. किंवा ज्याची कोकरे गेली आणि ज्याचा राग निवला नाही, असा कुणी दुसरा तिथे पोचेल. यांपैकी काहीही होणार नाही, असेही शक्य आहे. पण ही जोखीम माझी नाही, पिलांची आहे. आणि दुसऱ्याच्या जिवावर जुगार खेळायला मी तयार नाही. स्तुतीला मुकलो, हे नाकारत नाही. विद्यार्थी विचारतात, "सर, दाखवायचंच नाही तर काढलं कशाला?" प्रश्न रास्त आहे. याच न्यायाने न छापलेल्या कवितेचे काय करायचे, असे मी विचारतो, आणि चर्चा भलतीकडे जाते.

उत्तराचा एक धागा मला मारुती चितमपल्ली यांच्याकडे सापडतो. सोलापुरात १९३२ साली जन्मलेले, वनखात्यात छत्तीस वर्षे घालवलेले आणि १८ जून २०२५ रोजी सोलापुरातच देह ठेवलेले चितमपल्ली हे आमच्या शेजारचे. रान त्यांनी मराठीत आणले ते शब्दांनी. कावळ्यांच्या सामूहिक वसतिस्थानाला 'काकागार' म्हणावे, हे त्यांच्यामुळे आपल्याला कळले. त्यांचे लेखन वाचून कुणाला एखाद्या घरट्यापाशी जाऊन उभे राहता येत नाही, तरीही घरटे पाहिल्याचे समाधान वाचकाला मिळते. शब्दाला हे साधते, कारण शब्द जागा सांगून मोकळा होत नाही. तो वाचकाला आपल्या मनातली जागा शोधायला लावतो. छायाचित्राला ते सहजी साधत नाही. ते बोट दाखवते: हे, इथे, असे. म्हणून छायाचित्रकाराला लेखकापेक्षा एक काम जास्त असते. टिपून झाल्यावर, हे कुणाला दाखवले तर काय होईल, याचा विचार त्याला करावा लागतो.

याचा अर्थ कॅमेरे बंद करावेत असा नव्हे. येडशीचे ते छायाचित्र नसते, तर बावीस चौरस किलोमीटरच्या त्या तुकड्यापर्यंत वाघ चालत येऊ शकतो, टिपेश्वरपासून इथवरच्या शेतांत आणि ओढ्यांत त्याला पुरेल एवढी सलग सावली अजून शिल्लक आहे, हे आपल्याला कधीच कळले नसते. उमरेडची चित्रफीत नसती, तर न्यायालयाला ती कोंडी दिसली नसती. तेव्हा कधी दाखवावे लागते, कधी झाकावे लागते, आणि यांतले कोणते केव्हा, याचा कायमचा नियम नाही. लांडग्याची पिले मोठी होऊन ते बीळ ओस पडेल, पावसाळ्यात ढासळेल, तेव्हा कदाचित मी ते चित्र वर्गात दाखवीन. तोवर ते माझ्या संगणकात, 'टिपणे' या नावाच्या कप्प्यात, व्याख्यानांच्या टिपणांशेजारी पडून आहे.